झाडाच्या सालीवरून हवा तपासताना: पुण्यातला आमचा अनुभव

मी ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते. गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या मुलांना घेऊन पुण्यात झाडांवरची लायकेन मोजायला सुरुवात केली आणि तेव्हापासून इतक्या जणांनी विचारलंय की हे नक्की करतात कसं, त्यातून कळतं काय, की म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकू.

लायकेन म्हणजे आपल्या गोडा मसाल्यातलं दगडफूल ज्या गटातलं आहे ना, तोच गट. मुळात ही बुरशी, पण एकटी राहत नाही, स्वतःच्या धाग्यांच्या जाळीत शेवाळाच्या पेशी सांभाळते. शेवाळ उन्हात साखर बनवतं, बुरशी त्याला ओल आणि आसरा देते. झाडाच्या सालीवर राखाडी, पांढरट-हिरवे गोल चट्टे दिसतात ते हेच, झाडाला काही रोगबिग झालेला नसतो (हे प्रत्येक सोसायटीत सांगावं लागतं, लोक खरवडून काढतात हो). आता ह्याला मूळ नाही, पानावर असतो तसा मेणाचा थर नाही, आणि पानगळही नाही. म्हणजे पाणी, क्षार, धूळ, वायू जे काय हवेतून येईल ते थेट अंगात, आणि झाड जसं खराब झालेलं पान टाकून मोकळं होतं तशी सोयसुद्धा नाही. वाढ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर. त्यामुळे हाताच्या पंज्याएवढा चट्टा दिसला की समजायचं, हा कित्येक वर्षं इथलीच हवा खातोय.

गंधकाचा वायू, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, ह्याचा वैरी नंबर एक. ओल्या अंगावर तो विरघळतो, आम्ल तयार होतं, आणि शेवाळाच्या क्लोरोफिलमधला मॅग्नेशियम निघून जातो, मागे उरतं ते भुरकट फिओफायटिन. शेवाळ उपाशी म्हणजे बुरशीही उपाशी. हे लोकांना फार पूर्वीपासून माहितीये. विल्यम नायलँडर ह्या शास्त्रज्ञाने १८६६ साली पॅरिसबद्दल लिहून ठेवलंय की लक्झेंबर्ग बागेत जी लायकेन सापडतात ती शहराच्या इतर भागांत सापडत नाहीत आणि कारण हवा. पुढे १९७० मध्ये इंग्लंडात हॉक्सवर्थ आणि रोझ ह्यांनी ० ते १० अशी पट्टीच बनवली, ० म्हणजे खोडावर काहीच नाही आणि १० म्हणजे सगळ्यात स्वच्छ हवा, कुठली जात दिसते त्यावरून हिवाळ्यातल्या सल्फर डायऑक्साइडचा अंदाज. ती पट्टी उचलून इथे लावता येत नाही, जाती वेगळ्या, पाऊस वेगळा, झाडं वेगळी. पण कल्पना तीच.

आमचे एक निवृत्त सर आहेत, बुरशीशास्त्रातले, त्यांच्याकडे मी आधी आराखडा घेऊन गेले. माझा विचार होता स्वारगेटपासून निघायचं आणि सरळ पश्चिमेला मुळशीच्या घाटापर्यंत जायचं, ठरावीक अंतराने झाडं बघत. सरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "अगं, लायकेन वाढत जाणारच तिकडे, पण ते हवेमुळे की पावसामुळे हे कसं सांगणार?" बरोबरच होतं. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, महाबळेश्वरला साडेपाच हजाराच्या पुढे, मधल्या पट्ट्यात काही किलोमीटरवर आकडा बदलत जातो. घाटात ओल आहे म्हणून लायकेन आहेत, निव्वळ हवा चांगली म्हणून नाही. मग आम्ही रेघच बदलली. सगळी झाडं शहरातलीच, एकाच पाऊसमानातली, काही मोठ्या सिग्नलजवळची, काही आतल्या गल्ल्यांमधली, काही जुन्या बंगल्यांच्या आवारातली आणि काही टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या सोसायट्यांमधली. हा मुद्दा मी मुद्दाम लांबवून लिहितेय कारण सोशल मीडियावर "घाटात बघा किती लायकेन, शहरात बघा शून्य, म्हणजे प्रदूषण" असे फोटो फिरतात आणि ते अर्धवट आहे, हेतू चांगला असला तरी.

झाड कुठलं घ्यायचं हेही महत्त्वाचं. सालीचा आम्लपणा, खडबडीतपणा, ओल धरण्याची ताकद प्रत्येक झाडाची वेगळी, निलगिरीची साल तर सोलूनच पडते, तिच्यावर काय टिकणार. आम्ही फक्त आंबा घेतला. पुण्यात जुन्या आवारांमधे आंबा असतोच, साल बऱ्यापैकी स्थिर असते आणि मुलांना लांबून ओळखता येतो. सरळ उभं खोड पाहिजे, कललेलं नको, कारण कललेल्या खोडावर वरच्या बाजूने पाणी वाहतं आणि तिथे भलतंच काहीतरी वाढतं.

आणि मग आला गेरू-चुना! रस्त्याकडेच्या झाडांना खालून कमरे-छातीपर्यंत गेरू आणि चुन्याचे पट्टे मारलेले असतात ना, नेमकी तीच उंची आपल्याला बघायची असते. युरोपात जी पद्धत ठरवलीये त्यात जमिनीपासून एक मीटरवर सुरुवात करून तिथून वरचे ५० सेंटीमीटर बघतात. आपल्याकडे तिथे चुना. चुन्याने सालीचा आम्लपणाच जातो, लायकेन गाडली जातात, वर नवीन काही आलं तर ते चुना आवडणारं येतं. त्यामुळे रंगवलेली झाडं सरळ बाद. खिळे ठोकून क्लासच्या जाहिराती लावलेली, लायटिंगच्या माळा कायमच्या गुंडाळलेली झाडंही बाद. भर रस्त्यावर न रंगवलेला, जरा वयस्कर आंबा शोधणं हे ह्या सगळ्या कामातलं सगळ्यात वेळखाऊ काम आहे, खरंच.

मोजायची पद्धत सोपी आहे. एक जाळी बनवायची, १० सेंटीमीटर रुंद आणि ५० सेंटीमीटर उंच, तिचे पाच चौकोन, प्रत्येक १० बाय १०. आम्ही जुन्या फाइलचं प्लॅस्टिक कापून केली, दोऱ्याचीही होते. ही जाळी खोडाला उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशी चारही बाजूंना लावायची आणि प्रत्येक जात किती चौकोनात दिसते ते लिहायचं. चट्टा केवढा आहे ते नाही मोजायचं, फक्त आहे की नाही. एका बाजूला एका जातीला जास्तीत जास्त पाच. मग बाजूवार बेरीज, मग त्या जागेच्या सगळ्या झाडांची सरासरी. दिशा चुकवायची नाही, मोबाइलच्या होकायंत्रावर बघायची, कारण आपल्याकडे दक्षिण-पश्चिमेच्या बाजूला पावसाचा मारा जास्त असतो आणि ती बाजू बऱ्याचदा जास्त भरलेली असते.

ओळखायचं कसं, ह्यात मुलं सगळ्यात जास्त रमली. आधी साध्या पाण्याचा स्प्रे. कोरडं लायकेन राखाडी दिसतं, पाणी मारलं की वरची कातडी पारदर्शक होते आणि आतलं शेवाळ दिसायला लागून क्षणात हिरवट झाक येते. चुन्याचा शिंतोडा, रंगाचा डाग, पक्ष्यांची घाण, ह्यातलं काही हिरवं होत नाही. सिग्नलजवळच्या झाडावर धुळीचा थर एवढा असतो की आधी पाणी मारून ते ओघळू द्यावं लागतं आणि मग खाली काय आहे ते दिसतं. पावसाळ्यात खोडांवर नारिंगी मखमली ओघळ येतात ते मात्र नुसतं शेवाळ, ट्रेंटेपोलिया नावाचं, ते मोजायचं नाही. म्हणूनच पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या पुढे हे काम करावं.

दुसरं हत्यार म्हणजे नोटा तपासायचा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. भारतातल्या शहरांमधे धूर-धूळ सहन करून टिकणारी एक जात आहे, पिक्सिन कोकोज. खोडाला घट्ट चिकटलेली, राखाडी, कडेला बारीक पाकळ्या. शेजारीच बऱ्याचदा डिरिनारिया असतं, तेही चिकटलेलं, तेही राखाडी, साध्या डोळ्यांना दोन्ही सारखीच वाटतात. संध्याकाळी अंधार पडताना टॉर्च मारला की पिक्सिन पिवळंधमक चमकतं, त्याच्या वरच्या थरात लायकेझँथोन नावाचं द्रव्य असतं म्हणून, आणि डिरिनारिया तसं चमकत नाही. पहिल्यांदा ते चमकलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ह्या झाडाखाली मी रोज बससाठी थांबते!" पुढचा तासभर ती तिथून हलली नाही.

तिसरी चाचणी आम्ही वर्गात केली, घरच्या डब्यातल्या दगडफुलावर. दगडफूल पाण्यात भिजवून स्टीलच्या ताटलीत ठेवलं, कडेने हळूच फाडलं म्हणजे आतला पांढरा कापसासारखा थर दिसतो, तो बुरशीच्या धाग्यांचा. त्यावर कपड्यांच्या ब्लीचचा एक बारीक थेंब. काही तुकडे एकदम लालभडक होतात, काहींना काही होत नाही, कारण बाजारातल्या दगडफुलात बऱ्याच जाती मिसळलेल्या असतात. लाल होणाऱ्यांमधे पार्मोट्रेमा टिंक्टोरम ही एक, तिच्यात लेकॅनोरिक आम्ल असतं. आणि हीच जात जपानमधे हवेच्या प्रदूषणाची खूण म्हणून अभ्यासली गेलीये, कारण घाणेरड्या हवेत ती टिकत नाही. ब्लीच टाकलेलं दगडफूल परत डब्यात जाणार नाही एवढं बघायचं, बाकी ह्याला काही लागत नाही. नावं पक्की करायला मात्र जाणकारच लागतात. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत पटवर्धन आणि ऊर्मिला मखिजा ह्यांनी आयुष्यभर लायकेनवर काम केलं, लखनौला अवस्थींनी, त्यांनी करून ठेवलेल्या वर्णनांशिवाय आम्ही "राखाडी नंबर एक, राखाडी नंबर दोन" ह्याच्या पुढे गेलो नसतो.

खोडांवर सापडलं काय, तर मोठ्या सिग्नलपाशी बरीच झाडं जवळजवळ कोरी, नाहीतर मग पिक्सिन आणि डिरिनारिया, बस. गल्लीत आत गेलं की हीच दोन, पण मोठमोठे चट्टे. जुन्या आवारांमधे मात्र जाती वाढतात, सालीवर काळ्या शाईने काहीतरी गिरगटल्यासारख्या रेघांची ग्राफिस दिसायला लागतात, पिवळट पावडरीसारखी असतात ती दिसतात. एकाच रस्त्यावर, भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे एवढा फरक असेल असं मला वाटलं नव्हतं. तरी नुसत्या संख्येवर जाऊ नये. इंग्लंडात लेकॅनोरा कॉनिझिऑइड्स नावाची जात होती जिला गंधकाचा धूरच मानवायचा, कोळशाच्या काळात शहरांमधे झाडंच्या झाडं तिने भरलेली असायची, आणि हवा सुधारली तशी ती दिसेनाशी झाली. म्हणजे खोड भरलंय म्हणून खूश व्हायचं नाही, कशाने भरलंय ते बघायचं.

आपल्याकडेही हे लागू होतं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचं आणि इंधनाचं नवं मानक आलं, डिझेल-पेट्रोलमधल्या गंधकाची मर्यादा ५० वरून १० पीपीएमवर आली. त्यामुळे रस्त्याच्या कडेला आता लायकेनला छळतंय ते बहुतेक गंधक नसून नायट्रोजनचे वायू, धूळ आणि बांधकामाचं सिमेंट असणार. नायट्रोजन आणि धूळ मानवणाऱ्या जाती वाढत जातात, बाकीच्या मागे हटतात.

पण खोडावर नाही म्हणजे पूर्वी होतं की नव्हतंच, हे खोड सांगत नाही. उन्हाचा चटका, काँक्रीटमुळे आलेला कोरडेपणा, हेही कारण असू शकतं. म्हणून मग दुसरा भाग केला, चांगल्या हवेतलं लायकेन आणून शहरात टांगायचं. पाचगणीला माझ्या मामांची जागा आहे, तिथल्या सिल्व्हर ओकच्या फांद्या वाऱ्याने पडतात, त्या लायकेननी लगडलेल्या असतात. जंगलातून काही तोडून आणायचं नाही हे आधीच ठरलं होतं, तो सगळा भाग इको-सेन्सिटिव्ह झोन आहे आणि लायकेन परत यायला वर्षं लागतात. फक्त आवारात पडलेल्या काटक्या. मामी म्हणाली, "आगं वाळल्या काटक्या कशाला नेतीस, चुलीला बी नाय लागत तुमच्यात." समजावून सांगितल्यावर तिनेच टोपली भरून दिली, आणि नंतर फोन करून विचारायची, जगलंय का ते.

काटक्या कागदी पिशव्यांतून आणल्या (प्लॅस्टिकमधे घाम धरून कुजतात), मच्छरदाणीच्या कापडात सैल बांधल्या आणि तीन प्रकारच्या ठिकाणी टांगल्या. एक सिग्नलजवळ, एक टेकडीच्या पायथ्याच्या सोसायटीत जिथे पाऊस आणि ऊन तेवढंच पण गाड्या कमी, आणि एक पाचगणीलाच परत. मधली जागा सगळ्यात महत्त्वाची, ती नसेल तर शहराच्या कोरडेपणाचं खापर प्रदूषणावर फुटतं. झाडाला लटकवलेली काटक्यांची पुरचुंडी बघून लोक करणीबिरणी समजतात, झाडणाऱ्या मावशी तर त्या झाडाखालून जाईनात. मग मराठीत मोठ्या अक्षरात पाटी लावली, "हवा तपासणीचा प्रयोग, कॉलेजच्या मुलांचा, कृपया काढू नये", आणि मावशींना भिंगातून दाखवलं. त्यानंतर त्या पुरचुंडीवर त्यांचंच लक्ष होतं, कोणी हात लावला तर ओरडायच्या.

काही महिन्यांनी उतरवून लॅबमधे क्लोरोफिल बघितलं. थोडं लायकेन, आधी त्यातली स्वतःची आम्लं ॲसिटोनने धुवून काढायची, नाहीतर अर्क काढताना तीच आम्लं क्लोरोफिल खराब करतात आणि दोष हवेला जातो. मग डीएमएसओ ह्या द्रावकात अंधारात ६५ अंशांवर ठेवायचं, हिरवा अर्क निघतो, तो स्पेक्ट्रोफोटोमीटरमधे (कुठल्या रंगाचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं मशिन) ४३५ आणि ४१५ नॅनोमीटरला बघायचा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. रोनेन आणि गालुन ह्यांनी १९८४ मधे ही पद्धत मांडली. क्लोरोफिल धडधाकट असेल तर उत्तर १.४ च्या आसपास, सगळंच फिओफायटिन झालं असेल तर ०.५६ पर्यंत खाली. आमचा पाचगणीचा अर्क गडद हिरवा, सिग्नलचा ऑलिव्हकडे झुकलेला, परीक्षानळ्या शेजारी ठेवल्या तर मशिनशिवायही कळत होतं. आकड्यांचा क्रमही तोच आला, पाचगणी वर, टेकडी थोडी खाली, सिग्नल सगळ्यात खाली. टेकडी आणि पाचगणीतला फरक हा हवामानाचा धरायचा, टेकडी आणि सिग्नलमधला हा गाड्यांचा. नमुने थोडे होते, ह्यावरून पेपर लिहिता येणार नाही, पण दिशा स्पष्ट आहे.

लोक विचारतात, सरकारी यंत्रं आहेत की, सफर ही हवा मोजायची सरकारी यंत्रणा आहे, २०१३ पासून पुण्यात आहे, मोबाइलवर आकडा येतो, मग हे कशाला? यंत्र पाहिजेच. पीएम २.५ म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचं २४ तासांचं राष्ट्रीय मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे आणि आज ते ओलांडलं का, हे लायकेन सांगू शकत नाही. पण यंत्र मोजक्याच जागी असतं, आणि माझ्या मुलीच्या शाळेच्या फाटकापाशी ते नाहीये, तिथे आंबा आहे. इटलीत व्हेनेटो भागात शेकडो ठिकाणची लायकेनची विविधता आणि तरुण पुरुषांमधले फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू नकाशावर शेजारी ठेवून बघितले, १९९७ मधे नेचर ह्या विज्ञान नियतकालिकात आलं होतं, आणि दोन्ही नकाशे चांगलेच जुळले. जुळले म्हणजे एकामुळे दुसरं झालं असं सिद्ध होत नाही, पण कुठे आधी बघायला पाहिजे हे तर कळलं, आणि तेही खोडं बघून.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. जुन्या झाडाचं खोड हा त्या जागेच्या हवेचा सातबारा आहे. रस्तारुंदीत झाड जातं तेव्हा सावली जाते, पक्षी जातात हे सगळे बोलतात, पण वीस-तीस वर्षांची ही नोंदही जाते आणि ती कुठेच दुसरीकडे नसते. २०२१ च्या दुरुस्तीने आपल्या वृक्ष कायद्यात पन्नास वर्षं आणि त्यावरच्या झाडांना हेरिटेज म्हटलंय, तोडलं तर वयाइतकी रोपं लावायची वगैरे. रोपाच्या कोवळ्या सालीवर काय असतं? काही नाही. त्यावर नोंद जमायला पुन्हा तेवढीच वर्षं.

म्हणून ह्यावेळी आमच्या भागातल्या रस्त्यावर झाडं तोडायची नोटीस लागली तेव्हा आम्ही हरकत लिहिली आणि सोबत त्याच झाडांचे जाळीचे तक्ते जोडले, चारही बाजूंचे, फोटोंसकट, टॉर्चखाली चमकणाऱ्या पिक्सिनचे फोटोसुद्धा. सुनावणी व्हायचीये. तोपर्यंत मुलं उरलेल्या आंब्यांचे तक्ते भरतायत, आणि ज्यांना आपापल्या भागात करायचंय त्यांनी जाळी कापून पुढच्या ऑक्टोबरपर्यंत थांबायचं कारण नाही, थंडी संपेपर्यंत वेळ आहे, फक्त न रंगवलेलं झाड आधी शोधून ठेवा.